पंच क्रमांक दोन

माझी सही गोल येते, म्हणून मी पंच.
एरवी गिरणीवाला, श्रीहरी बोरकुटे,
वय त्रेपन्न, राहणार पिंपळदहा,
भुवयांवर कायम कुणाच्या तरी घरचं पीठ.
पट्टा फिरत असतानाच मॅडमचा फोन येतो
आणि मी दळण अर्धं सोडून निघतो.

मॅडम म्हणजे वैजयंता मडावी, वनरक्षक.
पिशवीत टेप, कार्बन, पाण्याची बाटली.
आणि पंच क्रमांक एक, झिबल गुरनुले.
तो एक, कारण तो कुठंही माझ्याआधी पोचायचा.

नऊ वर्षांत दोघांनी मिळून पाहिलं:
सखूबाईची गाय, मागून खाल्लेली,
कानातला पिवळा बिल्ला शाबूत, म्हणून भरपाई मंजूर.
विहिरीत पडलेलं रोही.
बाजारात धरलेले सात पोपट,
सोडले तेव्हा सहाच उडाले.
पोत्यात गुंडाळी झालेलं खवल्या मांजर,
त्याला झिबल म्हणाला, "भेलास का गा?"
ते पंचनाम्यात आलं नाही.

कायदा मी वाचलेला नाही.
मला तो मॅडमच्या अक्षरात ठाऊक आहे,
डावीकडं कललेला, घाईतला.
सदर प्राणी. सदर शेत. सदर इसम.

झिबल एकदा झाडीपट्टीच्या नाटकात न्यायाधीश झाला होता.
कोट उसना, काखेत उसवलेला.
निकालाचं वाक्यच विसरला,
पडद्याआड पाहिलं, तिथून काही ऐकू येईना,
तर त्यानं आरोपीला सरळ सोडून दिलं.
लोकांनी शिट्ट्या मारल्या. लेखक महिनाभर बोलला नाही.

माघातली सकाळ. नाल्याकाठचा हरभरा दवानं ओला.
वाघीण बांधावर आडवी,
नखांत हिरवा पाला, पुढच्या पंज्यावर
बोटभर रुंद काळी रेघ.
तार कुणीतरी गुंडाळून नेलेली, खुंट्या तशाच.
झिबल आधीच आलेला.
सवयीनं त्यानं टेपचं शून्याचं टोक धरलं,
नाकाशी, हलक्या हातानं,
निजलेल्या लेकराची झोपमोड होऊ नये तसं.
मी शेपटीकडं.
मॅडम बोलत बोलत लिहीत होत्या:
नखं अठरा. सुळे चार. मिश्या शाबूत.
अनुसूची एक.
शेत कोणाचं?

टेप ताणलेलाच होता.
आधी माझ्या टोकाला थरथर कळली,
मग शब्द आले.
"माह्यं हाय जी. तार बी माहीच.
डुकरासाठी लावली होती."
टोक त्यानं सोडलं नाही.
मॅडमचं पेन थांबलं. जरा वेळानं म्हणाल्या,
"झिबलदादा, सोडा आता. तुम्हाला नाही धरता येणार ते."
टेप सरसरत माझ्याकडं आला, अंगठा कापून गेला.

राख होईस्तोवर पंचांनी थांबायचं असतं.
क्रमांक एकसाठी कोतवालाचं पोरगं आणलं,
ते धुरानं खोकत राहिलं, मध्येच मोबाइल पाहत राहिलं.
झिबल जीपमध्ये मागं बसलेला,
तोंड जाळाकडं नाही, हरभऱ्याकडं,
जिथं नाल्याच्या अंगानं चार तासं उकरलेली दिसत होती,
ताजी, डुकरांची.

मॅडमनं कागद पुढं केला.
"बोरकुटे, तुम्ही आता वर सही करा."
मी खालीच केली.
अंगठ्याचा डाग मूळ प्रतीवर पडला,
कार्बनखालच्या दोन्ही प्रती स्वच्छ.

संध्याकाळी गिरणी उघडली.
रांगेत पहिला डबा झाकणावर नेलपॉलिशनं लिहिलेला, झि. गु.
हरभऱ्याची डाळ, अडीच किलो,
अर्धी दळलेली, अर्धी तशीच.
मी दळून ठेवलं.
न्यायला अजून कोणी आलेलं नाही.